तुरुंगातून आलेला प्रश्न

नासरेथच्या सभास्थानात येशू वाचायला उभा राहिला, यशयाची गुंडाळी उघडली आणि एका वाक्याच्या मध्येच थांबला. लूकच्या चौथ्या अध्यायातला हा प्रसंग. वाचलेला भाग आपल्या बायबलात यशयाच्या ६१व्या अध्यायात येतो : दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी आणि शेवटी ‘परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष’. यशयाचं वाक्य मात्र तिथे संपत नाही. त्याच दमात पुढे ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ येतो. येशूने तो वाचला नाही. गुंडाळी मिटून सेवकाच्या हाती दिली, खाली बसला आणि म्हणाला, हा शास्त्रलेख आज तुमच्या कानांदेखत पूर्ण झाला आहे.

ऐकणारे गालीलातले होते. वर हेरोद अंतिपा, त्याच्यावर रोम, आणि कराचं ओझं दोघांचंही. सूड घेण्याचा दिवस ही त्यांच्यासाठी पुस्तकातली ओळ नव्हती. ते त्या ओळीचीच वाट पाहत होते. लूक सांगतो, आधी ते भारावले, ‘हा योसेफाचाच मुलगा ना?’ म्हणाले. मग येशूने दोन जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. एलीयाच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा त्याला सारफथच्या एका परदेशी विधवेकडे पाठवलं गेलं, आणि अलीशाने ज्याचं कोड बरं केलं तो नामान शत्रूच्या, अरामाच्या फौजेचा सेनापती होता. हे ऐकून गावाने त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेलं. सुडाची ओळ नुसती गाळली एवढ्यावर भागलं असतं. सुडाच्या जागी त्याने शत्रूलाच बसवलं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत संडेस्कूलच्या भिंतीवर एक तक्ता असे. डाव्या रकान्यात जुना करार, उजव्यात नवा. मीखाने बेथलेहेम म्हटलं, येशू बेथलेहेमात जन्मला. जखऱ्याने गाढवावर बसून येणारा राजा म्हटला, झावळ्यांच्या रविवारी तो तसाच आला. प्रत्येक जोडीपुढे बरोबरची खूण. तो तक्ता पाठ म्हणून दाखवला की बक्षीस मिळायचं, आणि पाठ करायला तो सोपाही होता. मला आज खटकतं ते एवढंच की सूड घेण्याचा दिवस त्यात कुठेच नव्हता. लांडगा कोकराजवळ राहील ती ओळ नव्हती. तलवारींचे फाळ करतील तीही नव्हती. ज्या ओळींपुढे खूण करता येत नाही त्या तक्त्यावर येतच नसत. आणि माझं मत आता असं झालं आहे की देवाच्या राज्याविषयीची ख्रिस्ती शिकवण उभी आहे ती मुख्यतः त्या तक्त्याबाहेरच्या ओळींवर.

संदेष्टे म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य लिहिणारे, अशी एक समजूत त्या तक्त्याने नकळत करून दिली होती. आमोस वाचला की ती मोडते. हा तकोवाचा माणूस, बेथलेहेमच्या दक्षिणेकडल्या माळरानातला. मेंढरं राखायची आणि उंबराची झाडं बघायची हा त्याचा धंदा. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्यास, यराबाम दुसरा राज्य करत असताना, तो उत्तरेकडच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात, बेथेलला गेला. तेव्हा तिथे भरभराट होती. श्रीमंतांकडे हस्तिदंती पलंग आणि गरीब एका पायतणाच्या जोडीच्या किमतीला विकला जाणारा. लोक परमेश्वराच्या दिवसाची आतुरतेने वाट पाहत होते, कारण त्या दिवशी शत्रूचा निकाल लागणार. आमोस म्हणाला, तो दिवस तुम्हाला कशाला हवा? तो अंधार आहे. माणूस सिंहापासून पळाला आणि अस्वल भेटलं, कसाबसा घरी पोहोचून भिंतीला हात टेकला तर साप चावला, तसा तो दिवस. अमस्या नावाच्या याजकाने त्याला सांगितलं, यहूदात जा, तिथे संदेश दे आणि तिथेच भाकर खा. राजाचं देवस्थान आहे हे. भविष्य सांगणाऱ्याला असं कोणी हाकलत नाही. हाकलतात ते हिशेब मागणाऱ्याला.

यशया त्याच शतकातला, पण यरुशलेमचा आणि राजवाड्यात ये-जा असलेला. इम्मानुएल, म्हणजे ‘आमच्याबरोबर देव’, या नावाच्या मुलाची प्रसिद्ध ओळ तो यहूदाच्या आहाज राजाला ऐकवतो तो क्षण भीतीचा आहे. दिमिष्क आणि शोमरोन या दोन शेजाऱ्यांच्या फौजा चालून येताहेत, आणि आहाज अश्शूरच्या सम्राटाचे पाय धरायच्या बेतात आहे. यशया सांगतो, एक मूल जन्मेल, आणि त्याला बरं-वाईट कळायच्या आत ज्या दोन राजांना तू भितोस त्यांचे देश ओस पडतील. इ. स. पूर्व ७३२मध्ये दिमिष्क पडलं, ७२२मध्ये शोमरोन. म्हणजे खूण त्याच पिढीत झाली होती. मत्तयाने सातशेहून अधिक वर्षांनी ती ओळ येशूच्या जन्मापुढे ठेवली, तेव्हा काही तो पहिल्यांदा रकाना भरत नव्हता.

यावर आमच्यातले काही लोक अस्वस्थ होतात आणि बाहेरचे काही खूश होतात. मला दोन्हीची गरज वाटत नाही, कारण जुन्या ओळी नव्या संकटात पुन्हा वाचणं हा इस्राएलाचा घरचाच रिवाज होता. यिर्मयाने बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं म्हटली होती. बंदिवासातून लोक परतले, पण परतून काय मिळालं? दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले, असं एज्राच्या पुस्तकात आहे. सिंहासन रिकामंच राहिलं. कर पारसच्या तिजोरीत जात होता. मग दानीएलाच्या नवव्या अध्यायात तीच सत्तर वर्षं ‘सत्तर सप्तके’ होतात, म्हणजे ४९० वर्षं. हे काम ख्रिस्ती लोकांनी केलेलं नाही, हिब्रू शास्त्राने स्वतःच केलं आहे. मृत समुद्राकाठी कुमरानला १९४७पासून ज्या गुंडाळ्या सापडत गेल्या त्यांत हबक्कूकावरचं एक भाष्य आहे. हबक्कूक बोलला होता खास्द्यांविषयी, म्हणजे बाबेलवाल्यांविषयी. कुमरानचे लोक त्याला आपल्या काळच्या परकी सैन्यावर लावतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

असं का व्हावं? मला वाटतं, कारण त्या भविष्यवाण्यांमध्ये मुळातच प्रसंगाच्या मापापेक्षा जास्त काही भरलेलं असे. आहाजाला दिलासा द्यायला एक मूल पुरलं असतं. पण यशया नवव्या अध्यायात ‘शांतीचा अधिपती’ म्हणतो, अकराव्यात इशायाच्या बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याविषयी बोलतो, दीनांचा न्याय करणाऱ्या राजाविषयी बोलतो आणि बोलता बोलता पार सापाच्या बिळावर खेळणाऱ्या तान्ह्या पोरापर्यंत पोहोचतो. असा राजा यहूदाच्या गादीवर कधी बसला नाही. हिज्कीया बरा होता, योशीयाही. पण साप साप राहिले आणि इ. स. पूर्व ५८६मध्ये बाबेलने गादीच संपवली. पुढे ५३९मध्ये बाबेल घेणाऱ्या कोरेशाला तर यशयाचं पुस्तक सरळ परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ म्हणतं. परदेशी, परधर्मी, आणि अभिषिक्त. त्याने लोकांना घरी पाठवलं हे खरं. तरी उरायचं ते उरलंच.

जे उरलं ते स्वर्गातलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मीखाच्या चौथ्या अध्यायात तलवारींचे फाळ होतात आणि लगेच पुढे येतं, प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल, कोणी त्यांना घाबरवणार नाही. फाळ, कोयता, वेल, सावली. नासरेथात वाचलेलं ‘प्रसादाचे वर्ष’ही लेवीयाच्या २५व्या अध्यायातल्या योबेल वर्षाकडे बोट दाखवतं : पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत, कर्जापायी बांधलेला माणूस मोकळा. सावकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे राज्य कुठे असायला हवं ते समजावून सांगावं लागत नाही.

आकाश आलं ते दानीएलाबरोबर, आणि तेही छळाच्या दिवसांत. अंतियोख एपिफानेसने इ. स. पूर्व १६७मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळलं, सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना मारलं. दानीएलाच्या पुस्तकाला आजचं रूप याच सुमाराला मिळालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातव्या अध्यायात समुद्रातून एकामागून एक चार श्वापदं निघतात, चार साम्राज्यं. मग पुराणपुरुष आसनावर बसतो, वह्या उघडल्या जातात आणि मेघांबरोबर ‘मानवपुत्रासारखा कोणी’ येतो. राज्य त्याला दिलं जातं. श्वापदांनंतर माणूस, एवढ्या एका बदलात किती सांगितलं आहे! पण त्याच अध्यायात दृष्टान्ताचा अर्थही दिला आहे, आणि त्यात राज्य मिळतं ते परात्पराच्या पवित्र जनांना. मेघ वर असले तरी ताबा खालीच दिला आहे.

येशू हे सगळं घेऊन आला. राज्य जवळ आलं आहे ही त्याची पहिली घोषणा, आणि स्वतःला तो मानवपुत्र म्हणवतो. मात्र जुनं घेताना तो त्याची उंची कमी करत जातो. यहेज्केलाच्या १७व्या अध्यायात परमेश्वर गंधसरूचा कोवळा शेंडा घेऊन इस्राएलाच्या उंच डोंगरावर लावतो, त्याचा भव्य वृक्ष होतो, सगळ्या जातींची पाखरं त्यात घरटी करतात. येशूच्या दाखल्यातही पाखरं येतात, फक्त झाड मोहरीचं आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की हसलं असणार. लबानोनच्या गंधसरूच्या जागी परसातली मोहरी! चिमूटभर खमीर, शेतात पुरलेलं धन, रात्री झोपेत वाढणारं पीक. आणि ज्यांना सुडाच्या दिवसाची घाई होती त्यांच्यासाठी गहू आणि निदण एकत्र वाढू देणारा शेतकरी.

ही मोहरी सर्वांत जास्त कोणाला बोचली असेल तर योहानाला.

बाप्तिस्मा करणारा योहान हा जुन्या चालीचा संदेष्टा. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे, येणाऱ्याच्या हाती सूप आहे, भूस न विझणाऱ्या अग्नीत जाईल, असं तो यार्देनेकाठी सांगत असे. हेरोद अंतिपाने भावाची बायको केली ते त्याने तोंडावर चुकीचं म्हटलं आणि तुरुंगात पडला. योसेफस हा इतिहासकार हेरोदाच्या भीतीचंही कारण देतो, की लोक योहानाच्या शब्दावर उठाव करतील. जागाही तोच सांगतो : मखेरस, मृत समुद्राच्या पूर्वेचा डोंगरी किल्ला, आजच्या जॉर्डनमध्ये. तिथून योहानाने आपले शिष्य येशूकडे पाठवले. निरोप एवढाच : जो येणार तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

येशूने हो म्हटलं नाही. पाहता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा, म्हणाला. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते. यातले बरेच तुकडे यशयाचे आहेत, ३५व्या अध्यायातले, ६१व्यातले. योहानाला ते पाठ असणार. आणि म्हणून काय नाही तेही त्याला ऐकू आलं असणार. ३५व्या अध्यायात आंधळ्यांच्या ओळीच्या अगदी आधी ‘तुमचा देव सूड घेण्यास येत आहे’ असं आहे. ते नाही. ६१व्यात दीनांच्या सुवार्तेपाठोपाठ बंदिवानांची सुटका आहे. तीही नाही.

नासरेथात जी ओळ येशूने मोठ्याने वाचली होती ती त्याने तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या निरोपातून गाळली. कुमरानला अशीच एक यादी सापडली आहे. अभ्यासक तिला ४क्यू५२१ म्हणतात. तिच्यात आंधळ्यांना दृष्टी आहे, मेलेल्यांना जीवन आहे, दीनांना सुवार्ता आहे आणि बंदिवानांची सुटकाही आहे. म्हणजे मसीहाच्या, येणाऱ्या अभिषिक्ताच्या, काळाकडून काय काय अपेक्षित होतं ते त्या प्रदेशात ठरल्यासारखं होतं, आणि त्या यादीतला जो एकच मुद्दा योहानाच्या कामाचा, तोच त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. उलट शेवटी एक वाक्य जोडलेलं : जो माझ्यामुळे अडखळत नाही तो धन्य. मी हा भाग अनेक प्रवचनांतून ऐकला आहे, आणि दर वेळी जोर दिला जातो तो झालेल्या चमत्कारांवर. गाळलेल्या ओळीवर कोणी बोलत नाही. बोलायला हवं. कारण देवाचं राज्य आलं आहे आणि योहान अजून आतच आहे, या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पुढची सगळी ख्रिस्ती शिकवण राहते.

पंडितांनी या जागेची पुष्कळ मोजमापं घेतली. आल्बर्ट श्वाइट्झरने १९०६मध्ये मांडलं, की येशूला जगाचा शेवट अगदी तोंडावर आला आहे असंच वाटत होतं, आणि तो आला नाही. सी. एच. डॉडने १९३५मध्ये उलट बाजू घेतली : राज्य येशूच्या कामातच येऊन पोहोचलं. नंतरच्या बहुतेकांनी दोघांचं थोडं थोडं घेऊन ‘आलं आहे, पण पुरतं नाही’ असं ठरवलं. सूत्र बरोबर असेल. पण सूत्र पाठ केलं की त्यातला योहान दिसेनासा होतो, ही माझी तक्रार.

जिथे ‘पुरतं आलं’ असं कोणी ठरवलं तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इ. स. ३२५मध्ये निकियाची धर्मसभा संपत आली असताना सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या राज्याच्या विसाव्या वर्षानिमित्त बिशपांना मेजवानी दिली. बिशप युसेबियसने तिचं वर्णन केलं आहे. राजवाड्याच्या दारात अंगरक्षक नंग्या तलवारी घेऊन उभे होते आणि देवाची माणसं निर्धास्तपणे त्यांच्यामधून आत गेली. हे स्वप्न की ख्रिस्ताच्या राज्याचं चित्र, असं वाटावं, म्हणतो. बिचाऱ्याचं समजून घेता येतं, थोड्याच वर्षांपूर्वी त्याच तलवारींनी ख्रिस्ती माणसं कापली होती. तरी तलवारींचे फाळ होतील म्हणणारा यशया त्याने वाचलेला होता, त्यावर मोठं भाष्यही लिहिलं, आणि तलवारींच्या दोन रांगांमधून आत जाताना त्याला राज्य दिसलं. पुढे सतराव्या शतकात आंतोनियो व्हिएरा या पोर्तुगीज जेजुइटाने दानीएलाच्या चार साम्राज्यांनंतरचं पाचवं साम्राज्य पोर्तुगालच्या पदरात टाकलं. त्याच साम्राज्याच्या गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं, आणि खुद्द व्हिएराही असल्या भाकितांपायी पोर्तुगालच्या इन्क्विझिशनच्या हाती सापडला. तारखा काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलाच्या २३०० दिवसांवरून येशूच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. २३ तारीख उजाडली.

या सगळ्यावरचं सर्वांत सरळ उत्तर एका यहुदी माणसाने दिलं आहे. १२६३मध्ये बार्सिलोनात आरागॉनचा राजा पहिला जाइमे याच्या समोर वाद भरवला गेला. एका बाजूला पाब्लो क्रिस्तियानी, यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती साधू झालेला. दुसऱ्या बाजूला रब्बी मोशे बेन नाखमान. विषय : मसीहा आला की नाही. रब्बींनी यशयाचीच ओळ काढली. राष्ट्रं युद्धकला शिकणार नाहीत असं संदेष्टा म्हणतो. पण येशूच्या दिवसांपासून आजवर सारं जग हिंसेने आणि लुटीने भरलेलं आहे, आणि रक्त सांडण्यात ख्रिस्ती लोक इतरांच्या पुढेच आहेत. मग राजाकडे वळून म्हणाले, महाराज, युद्ध शिकणं बंद झालं तर तुमचं आणि तुमच्या या सरदारांचं किती कठीण होईल! हे त्यांनीच लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात आहे. राजाने त्यांना तीनशे नाणी देऊन निरोप दिला. पण दोनेक वर्षांतच त्यांच्यावर धर्मनिंदेचा ठपका आला, देश सोडावा लागला आणि १२६७मध्ये ते यरुशलेमला पोहोचले.

मी ख्रिस्ती आहे, रब्बींचा निष्कर्ष माझा नाही. पण त्यांचा प्रश्न आणि योहानाचा प्रश्न एकच आहे, आणि योहानाला येशूने झिडकारलं नव्हतं. शिष्य पाठमोरे होताच तो गर्दीला म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही. शंका घेणाऱ्याचं कौतुक त्याच दिवशी, त्याच जागी. आमच्या तक्त्याला हे जमलं नसतं. तसे यहुदीही मसीहाच्या बाबतीत एकमेकांना सोडत नसत. इ. स. १३२मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केलं तेव्हा रब्बी अकिवांनी त्याला मसीहा म्हटलं. त्यावर योखानान बेन तोर्ता म्हणाले, अकिवा, तुझ्या गालफडांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. तीन वर्षांत बंड चिरडलं गेलं.

ही वाट पाहणारी माणसं आपल्याकडे रायगड जिल्ह्यातही होती. कोकणातले बेने इस्राएल, गावोगाव तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवारतेली. घरी मराठी बोलणारी ही माणसं मलिद्याच्या विधीत एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलीयाची आठवण करतात. गोड पोहे, खोबरं, फळं मांडून. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. मलाखीने सांगितलं होतं की परमेश्वराच्या मोठ्या दिवसाआधी एलीया येईल. ख्रिस्ती बायबलातला जुना करार याच वाक्याच्या सुमारास संपतो आणि पान उलटलं की मत्तय. यहुदी शास्त्राचा क्रम वेगळा आहे. मलाखी तिथे मधेच येऊन जातो आणि शेवट होतो तो इतिहासाच्या पुस्तकातल्या कोरेशाच्या फर्मानाने, की ज्याला जायचं आहे त्याने वर यरुशलेमला जावं. पुस्तकं तीच. एकीकडे शेवटच्या पानावर कोणी यायचा आहे, दुसरीकडे आपल्याला जायचं आहे. १९४८नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण गेलेही.

आमच्या मते एलीया येऊन गेला. तो योहान. आणि येशूच म्हणतो, लोकांनी त्याला ओळखलं नाही, मनाला येईल तसं त्याच्याशी वागले.

मराठी मुलखात देवाचं राज्य या शब्दांना अंगण देण्याचा सर्वांत धीट प्रयत्न नारायण वामन टिळकांचा. कोकणातल्या करजगावचा हा कवी १८९५मध्ये ख्रिस्ती झाला. त्याला आधी भिडलं होतं ते डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे राज्याची सनदच. १९१७मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मंडळीतल्या अनेकांना हे रुचलं नाही. मला नावाची निवड लोभस वाटते. साताऱ्यासारख्या छत्रपतींच्या राजधानीत ‘दरबार’ म्हणायचं आणि त्यात सिंहासनच ठेवायचं नाही! १९१९मध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. तरी राज्य दिसावं अशी दोनच वर्षं का होईना, कोणी जागा करून पाहिली.

योहानाने तो निरोप ऐकून काय म्हटलं ते चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. त्याच्याविषयी पुढची बातमी थेट हेरोदाच्या वाढदिवसाची. मानकरी, सरदार, गालीलातले मोठे लोक जेवायला बसलेले, मुलगी नाचली, आणि ताटातून शिर आलं. यशयाच्या २५व्या अध्यायात परमेश्वर डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी मेजवानी मांडतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. इथे ही मेजवानी.

योहानाच्या शिष्यांनी धड नेऊन पुरलं आणि येशूला कळवलं. तो होडीत बसून एकांत जागी निघाला, पण लोक काठाकाठाने चालत आधीच पोहोचले होते. मत्तय सांगतो, त्याला त्यांचा कळवळा आला, त्यांच्यातले दुखणाईत त्याने बरे केले, आणि संध्याकाळ झाली तेव्हा पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन सगळ्यांना गवतावर बसायला सांगितलं. बायकापोरं सोडून पाच हजार. हेरोदाच्या पंगतीत यांतल्या एकालाही बोलावणं नव्हतं.

पुढचं योहानाच्या शुभवर्तमानात आहे, म्हणजे दुसऱ्या योहानाच्या. पोटभर जेवलेले लोक म्हणू लागले, जगात जो संदेष्टा यायचा होता तो खरोखर हाच. आता याला धरून राजा करू. भविष्यवाणी आणि राज्य, दोन्ही रकाने भरले होते, खूण तेवढी करायची बाकी. येशूने ते ओळखलं आणि पुन्हा एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी लोक होड्या घेऊन त्याला शोधत पलीकडे कफर्णहूमला गेले, आणि सापडल्यावर पहिलं विचारलं, गुरुजी, इकडे कधी आलात?